तिसरी माळ

सरकारी नोकराला नव्या गावी गेल्यावर प्रथम काय काय शोधावे लागते, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. भाड्याचे घर, मुलांची शाळा, ज्वारी मनासारखी दळून देणारी गिरणी, आणि मग सवडीने, संध्याकाळी फिरावयास जाताना, एखाद्या दारावर मराठी आडनावाची पाटी. म्हैसुरास बदली होऊन आल्यावर या साऱ्या गोष्टी आम्हाला महिना-दीड महिन्यात सापडल्या. एक गोष्ट मात्र सापडावयास पुरते वर्ष लागले. ती बाजारात मिळत नव्हती, आणि नाव घेऊन विचारावे तर आमच्या तोंडचे नाव येथे कोणास ठाऊक नव्हते. ती गोष्ट म्हणजे तरवडाची फुले.

देशावरच्या वाचकांना तरवडाची ओळख करून द्यावयास नको. कोकणातील वाचकांसाठी दोन शब्द लिहितो. हे कमरेइतके, फार तर पुरुषभर उंचीचे झुडूप. माळावर, बांधावर, गाडीवाटेच्या कडेला, जेथे दुसरे काही उगवत नाही तेथे ते उगवते. त्याला कोणी लावीत नाही, कोणी पाणी घालीत नाही, आणि शेळीसारखा सर्वभक्षक प्राणीही सहसा त्याला तोंड लावीत नाही. त्यामुळे चरून चरून उघड्या पडलेल्या माळावर शेवटी जे हिरवे उरते ते बहुधा तरवडाचेच असते. पावसाळा सरत आला की हे उपेक्षित झुडूप असे काही पिवळेधमक फुलते की, माळाला हळद लागली असे वाटावे. नेमके त्याच सुमारास नवरात्र येते.

आमचे गाव माण तालुक्यातले. पाऊस तेथे पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच जातो. आमच्या घरी घट बसत. पत्रावळीवर काळी माती, तीत धान्य, मध्ये तांब्याचा कलश, आणि वरून रोज एक याप्रमाणे नऊ माळा. पहिली माळ विड्याच्या पानांची आणि तिसरी तरवडाची, हा आमच्या घरचा शिरस्ता. तिसरीच का, हे आजोबांनाही सांगता येत नसे. इतर माळांच्या बाबतीत झेंडू मिळाला तर झेंडू, कारळ्याची फुले मिळाली तर ती, अशी सवलत असे. तिसरीच्या बाबतीत नसे. आम्ही लहानपणी त्या दिवशी पहाटे टोपली घेऊन माळावर जात असू आणि पायांत सराटे मोडून घेऊन परत येत असू.

वडील गेले आणि घराची वाटणी निघाली. त्या प्रकरणाचे तपशील येथे देण्यात अर्थ नाही; ज्या वाचकांची गावी घरे आहेत त्यांना ते ठाऊकच असतील. देवघर ज्या खोलीत होते ती खोली आमच्या चुलत्यांकडे गेली, आणि त्यांच्या मुलाने पहिल्याच वर्षी सांगितले की, आम्ही पुण्यात राहतो, आमच्याने घट होणार नाहीत. आईने त्यावर एक शब्द काढला नाही. कलश पितळी डब्यात घातला, डबा लुगड्याच्या घडीत गुंडाळला, आणि मिरजेहून म्हैसुरापर्यंतच्या प्रवासात तो मांडीवरून खाली ठेवला नाही. सौ. म्हणाली, "आई, वर फळीवर ठेवा की." आई म्हणाली, "आसूं दे."

हे २०२२ सालचे. त्या वर्षी २६ सप्टेंबरला घट बसले. म्हैसूर त्या दिवसांत वेगळेच असते. १६१० साली राजा वडेयर यांनी श्रीरंगपट्टणास सुरू केलेला दसऱ्याचा सोहळा पुढे येथे आला. राजवाड्यावर सहस्रावधी दिव्यांची रोषणाई होते, आणि साऱ्या गावाचे रस्ते जणू एका घरच्या लग्नासाठी सारवून ठेवल्यासारखे दिसतात. देवराज मार्केटात फुलांचे ढीग माणसाच्या छातीएवढे लागतात. शेवंती, झेंडू, कण्हेर, आणि म्हैसूरचा तो प्रसिद्ध मोगरा. एवढ्या फुलांत आमचे फूल मिळणार नाही, ही शंकाही आम्हाला आली नव्हती.

येथे आमच्या विद्वत्तेची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमची पदवी वनस्पतिशास्त्राची आहे. सेवाप्रवेशाच्या परीक्षेत त्या विषयाचा उपयोग झाला तेवढाच. पुढे फायलींवर टाचण लिहिताना झाला नाही. तरीही एक गोष्ट डोक्यात शिल्लक होती की, तरवडाला शास्त्रात कॅसिया ऑरिक्युलाटा म्हणतात. आता तेही नाव राहिलेले नाही. लिनीयसने १७५३ साली ते दिले. रॉक्सबर्गच्या १८३२ साली छापलेल्या ग्रंथात हे झाड सेन्ना या गणात गेले. पुढे दीडशे वर्षे बहुतेकांनी तिकडे लक्ष दिले नाही, आणि १९८२ साली अमेरिकेतील दोघा शास्त्रज्ञांनी साऱ्या गणाची फेरमांडणी केली तेव्हा सेन्ना हे नाव सर्वमान्य झाले. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयापर्यंत ही बातमी आमच्या वेळेपावेतो पोहोचली नव्हती. असो. शास्त्रीय नावावरून कानडी नाव शोधले. ते निघाले आवरिके. तेवढे पाठ करून आम्ही मार्केटात गेलो.

फुलवालीने आम्हाला शेजारच्या भाजीच्या ओळीकडे बोट दाखविले. भाजीवाला म्हणाला, "अवरेकाळु ईग इल्ला, सार्." अवरे आत्ता नाहीत, थंडीत या. आम्ही म्हणालो, काळु नको, हू पाहिजे, फूल. त्याने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की, पावट्याची फुले मागणारा मनुष्य त्याने प्रथमच पाहिला असावा. कारण अवरे म्हणजे आपला पावटा, ज्याच्यावर हे सारे गाव थंडीत उपमा, आमटी आणि उसळ यांच्या रूपाने तुटून पडते. आणि आवरिके म्हणजे आपला तरवड. एका अक्षराचा फरक. दोन्ही एकाच शेंगावाल्या कुळातले, त्यामुळे चूक अगदीच परकी नव्हती. परंतु आईपुढे ही सबब चालणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना रस्त्याच्या कडेच्या एका झाडावर पिवळी फुले दिसली. घोस मोठे, पाकळ्या पाच, पाने संयुक्त. आम्हाला वाटले, सापडला. झाड जरा उंच होते, पण म्हैसूरची माती चांगली, पाणी चांगले, तरवडही येथे ऐसपैस वाढत असेल, असे आम्ही स्वतःस समजावले. डहाळी तोडून घरी नेली. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रंग तिला कळे, आकार कळत नसे. तिने डहाळी हातात घेतली, फुलांना हात लावला नाही, पानाच्या देठाशी बोटे नेली आणि चाचपली. मग डहाळी खाली ठेवली.

"ह्यो तरवड न्हाई, बाळा. ह्याला कान कुठं हायती?"

आम्ही काय आणले होते ते पुढे कळले. ते सेन्ना स्पेक्टॅबिलिस नावाचे अमेरिका खंडातले झाड. शोभेसाठी आणि सावलीसाठी ते या देशात आणले गेले, आणि आज वायनाड, बंदीपूर, नागरहोळे या जंगलांत त्याने एवढे हातपाय पसरले आहेत की, ते उपटावे कसे या विवंचनेत वनखाती पडली आहेत. तरवडाचा हा दूरचा श्रीमंत भाऊबंद. फूल हुबेहूब, पण कान नाहीत.

आणि कान म्हणजे काय? तरवडाच्या पानाच्या देठाच्या बुडाशी दोन रुंद, गोलसर पर्ण असतात, थेट माणसाच्या कानाच्या पाळीसारखे. बहुतेक झाडांत हे उपपर्ण बारीक असतात आणि लवकर गळून जातात, तरवडाचे टिकतात. ऑरिक्युलाटा या लॅटिन शब्दाचा अर्थच 'कानांचा'. आम्ही तो शब्द तीन वर्षे घोकला होता, उत्तरपत्रिकेत लिहिला होता, त्यावर गुणही मिळविले होते. कान कोठे आहेत हे मात्र कधी पाहिले नव्हते. आमच्या आईला सहीपुरते लिहिता येते.

त्या वर्षी तिसऱ्या दिवशी आईने घटावर नुसता दोरा बांधला. पहिली माळ, दुसरी माळ, मग एक मोकळा पांढरा दोरा, मग चौथी. सौ.ने शेवंतीची माळ ओवून ठेवली होती. आई म्हणाली, ती उद्याला घालू. शेजारपाजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या, त्यांनी तो दोरा पाहिला, आणि एकीनेही विचारले नाही. आम्ही रोज सकाळी कचेरीला जाताना देवापुढे हात जोडत असू आणि डोळे त्या दोऱ्यावर जात. एका माळेपायी एवढे काय, असे आम्ही स्वतःशी बरेचदा म्हणालो. दोरा तेथेच होता.

पुढचे वर्षभर आम्ही तरवडाविषयी जे वाचले तेवढे पदवीच्या तीन वर्षांत वाचले नव्हते. प्रथम कळले ते हे की, आम्ही ज्या झाडाला आमच्या माळाचे समजत होतो ते अर्ध्या हिंदुस्थानचे आहे. गुजरात-राजस्थानापासून थेट सिंहलद्वीपापर्यंत, आणि ब्रह्मदेशाच्या कोरड्या मध्यभागातही ते आढळते. तेलुगूत तंगेडु, तमिळात आवारै, कानडीत आवरिके आणि तंगडी, आणि या मुलखातले सर्वांत गोड नाव होन्नावरिके, म्हणजे सोन्याचा तरवड. २०१४ साली तेलंगण राज्य झाले तेव्हा त्याने आपले राज्यपुष्प म्हणून हेच निवडले. तेथील बायका आपल्या नवरात्राच्याच दिवसांत बतुकम्माचा उत्सव करतात, ताटात फुलांचा गोपुरासारखा मनोरा रचतात आणि त्यात तंगेडु हवाच असतो. तमिळांची तर म्हण आहे की, आवारै फुललेली असताना मरण आलेला मनुष्य कोणी पाहिला आहे काय? लंकेत मातर भागात या झाडाचा काढा चहासारखा पितात आणि त्याला मातर चहा हेच नाव पडले आहे. आमच्या शेजारच्या तमिळ मामी वाळलेल्या आवारम्-फुलांचे पाकीट बाळगतात आणि मधुमेहावर त्याचे पाणी घेतात. उंदरांवरील प्रयोगांत रक्तातली साखर उतरल्याचे प्रसिद्ध झाले आहे. परंतु मामींनी डॉक्टरांच्या गोळ्या सोडलेल्या नाहीत, आणि त्यांचे हे शहाणपण आम्हाला फुलांइतकेच मोलाचे वाटते.

पण या झाडाची खरी थोरवी फुलात नव्हती, सालीत होती. संस्कृतात याला आवर्तकी म्हणतात तसेच चर्मरंगाही म्हणतात. टिपू पडल्यावर कंपनी सरकारने फ्रान्सिस बुकॅनन याला म्हैसूर मुलखाची पाहणी करावयास पाठविले. १८००-०१ साली त्याने पायाखाली घातलेल्या या प्रदेशाचे जे वर्णन १८०७ साली छापले गेले, त्यात येथील कातडे कमावणारे याच झाडाची साल वापरीत असल्याचे आढळते. सालीत शेकडा अठराच्या आसपास टॅनिन असते. त्याने कमावलेले कातडे फिकट रंगाचे, मऊ आणि चिवट होते. एकोणिसाव्या शतकात मद्रास बंदरातून हे अर्धे कमावलेले कातडे जहाजे भरभरून विलायतेला जाई. तिकडच्या बाजारात त्याला 'ईस्ट इंडिया किप्स' असे नाव होते. लंडनच्या सावकाराच्या पायांतल्या बुटाला आमच्या माळावरच्या झुडपाचे पाणी लागलेले असे.

पुढे याचे राज्य गेले, ते एका दुसऱ्या शेंगावाल्या झाडाने घेतले. वॉटल ही मूळची ऑस्ट्रेलियातली बाभळीची जात; दक्षिण आफ्रिकेत तिची शेती झाली, आणि तिच्या सालीत टॅनिन जवळजवळ दुप्पट. तरवडाची साल रानोमाळ हिंडून, फांद्या तोडून, ठोकून काढावी लागे. वॉटलची जहाजाने गठ्ठे बांधून येऊ लागली. कारखानदार तिकडे वळले. १९४६ साली आपल्या देशाने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. वॉटलच्या लागवडी आपल्याकडेही निलगिरीच्या गवताळ डोंगरांवर झाल्या, आणि आज तीच वॉटल तेथील मूळच्या गवताला गिळीत सुटली आहे. म्हैसुराहून उटकमंडास जाणाऱ्या वाचकांनी डोंगर चढल्यावर ती काळपट-हिरवी दाटी जरूर पाहावी. आणि क्रोमच्या रासायनिक पद्धतीने तर साऱ्याच सालींचे महत्त्व कमी केले.

हे वाचताना एक गोष्ट आमच्या मनात राहून राहून येई. आमच्या गावी कातड्याचे काम करणारी घरे वेशीबाहेर होती. तरवडाची साल त्यांच्या रांजणात, आणि तरवडाचे फूल आमच्या देव्हाऱ्यात. एकाच झाडाच्या दोन बाजू गावकुसाच्या दोन बाजूंना वाटून दिलेल्या. पहाटे फुले तोडताना माळावर त्या घरांतली मुले आम्हाला भेटत. ती झाड आमच्याहून चांगले ओळखीत. त्यांनी आमच्या टोपलीला हात लावू नये एवढे आम्हाला शिकविलेले होते. आईजवळ आम्ही हे कधी बोललो नाही. बोलावयास हवे होते असे आता वाटते.

वाटणीवरून आठवले. दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून देतो, म्हैसूरची मिरवणूक बन्नीमंटपाला जाते ती बन्नीसाठी, म्हणजे शमीसाठी. आणि घटावर तरवड. तिन्ही झाडे शेंगांच्या एकाच कुळातली. आमच्या पुस्तकात तरवड आणि आपटा एका पोटकुळात आणि शमी निराळ्या पोटकुळात होती. २०१७ साली जगातील या विषयाच्या जाणकारांनी एकत्र बसून नवी वाटणी केली. शमीला तरवडाच्या घरात आणले आणि आपट्याला वेगळे घर दिले. निदान त्या वाटणीत कोणाचे देवघर गेले नाही.

२०२३ साली पावसाने कर्नाटकाला दगा दिला. सप्टेंबरातच बहुतेक तालुके दुष्काळी म्हणून जाहीर झाले. तेव्हा कचेरीतल्या आमच्या शिपायाने एक दिवस सहज म्हटले की, आमच्याकडे या साली शेतात काही नाही सार्, नुसता तंगडी फुलला आहे. हा गृहस्थ गुंडलुपेट तालुक्यातला. वर्षभर आम्ही त्याच्या हातचा चहा पीत होतो आणि आवरिके-आवरिके करीत साऱ्या म्हैसुरास विचारीत होतो. त्याच्या गावी तंगडी हे नाव चालते हे आम्हाला सुचले नव्हते. आम्ही त्याला पानाचे कान काढून दाखविले, कागदावर. तो हसला आणि त्याने दोन्ही हात आपल्या कानांपाशी नेले.

त्या वर्षी १५ ऑक्टोबरला घट बसले. तिसऱ्या दिवशी मंगळवार होता; आम्ही एक दिवसाची नैमित्तिक रजा टाकली. पहाटेच्या पहिल्या गाडीने निघालो. आई आमच्याबरोबर यावयास निघाली तेव्हा सौ.ने पुष्कळ सांगून पाहिले. पण ज्या बाईने कलश मिरजेहून मांडीवर आणला तिला साठ किलोमीटर काय. नंजनगूड मागे पडले, उसाची हिरवी शिवारे संपली, लाल माती आणि दगड दिसू लागले. शिपायाचा भाऊ फाट्यावर उभा होता. त्याला मराठी येत नव्हते, आईला कानडी येत नव्हते. त्याने तिला "अम्मा" म्हटले आणि हात धरून बांधावरून नेले.

माळ पिवळा झाला होता. ते आईला दिसले असावे, कारण ती थांबली. मग तिने ऐकले. तरवडाच्या फुलात मध नसतो, असतो तो परागच. आणि परागाच्या पिशव्या फाटत नाहीत, त्यांच्या टोकाला बारीक छिद्रे असतात. दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन तर वांझच. म्हणून काळे भुंगे फुलाला लटकतात आणि पंख न हलविता अंगाचे स्नायू असे थरथरवितात की, मिठाच्या डबीतून मीठ झडावे तसा पराग झडतो. त्या वेळचा त्यांचा आवाज उडतानाच्या गुणगुणण्याहून चढा, तीक्ष्ण असतो. साऱ्या माळावर तो आवाज भरला होता. आम्ही हे शास्त्र आईला सांगू लागलो. ती म्हणाली, "म्हाईत हाय. फुलं काढताना भुंगा बघून हात घालावा."

तिने पहिल्याच झुडपाच्या पानाला हात घातला, देठाशी बोटे नेली, आणि पाळी चिमटीत धरली. पानाच्या मधल्या शिरेवर, दलांच्या जोड्यांच्या मध्ये, बारीक गाठींवर मुंग्या फिरत होत्या. या झाडाचा मध फुलात नसून तेथे असतो. मुंग्या तिच्या बोटांवर चढल्या. तिने त्या झटकल्या नाहीत. टोपली भरेपर्यंत ती बोलली नाही, भरल्यावर शिपायाच्या भावाला मराठीत म्हणाली, "तुमच्याकडं बी लई दुष्काळ पडलाय." त्याने मान डोलावली.

बारा वाजावयाच्या आत तिसरी माळ चढली. फुले थोडी मलूल झाली होती; तरवड तोडल्यावर फार वेळ टिकत नाही.

आता लागवडीविषयी, कारण एखाद्या वाचकाला आमच्यासारखी गरज पडेल. पुढल्या जानेवारीत शिपायाने शेंगा आणून दिल्या. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ, तपकिरी, बोटाएवढ्या लांब. एकेकीत दहा-वीस बिया. आम्ही त्या जूनमध्ये क्वार्टरच्या मागील जागेत पेरल्या आणि एकही उगवली नाही. बीचे कवच इतके कठीण असते की पाणी आत शिरतच नाही; रानात ऊन, पाऊस, आणि काळ हे काम करतात. रोपवाटिकेतले लोक बी आम्लात बुडवितात किंवा घासून घेतात. आम्ही कढत पाणी ओतून ते निवेपर्यंत बिया तशाच ठेवल्या. आठवड्याभरात बऱ्याच उगवल्या. मग दुसरी चूक केली. रोपे पिशव्यांत वाढवून पावसात जमिनीत लावली, ती मेली. तरवडाचे सोटमूळ वरच्या झाडापेक्षा आधी वाढते आणि ते दुखावलेले त्याला सोसत नाही. तेव्हा जेथे झाड हवे तेथेच बी पेरावे. पाणी बेताचे, खत नको. शेंगेचे कूळ म्हणून याच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतील असे समजू नये. भुईमुगाचा किंवा हरभऱ्याचा हा गुण सेन्नाच्या गणात बहुधा नसतो. पाला मात्र हिरवळीचे खत म्हणून शेतात घालतात, आणि धुपणाऱ्या उतारावर माती धरून ठेवावयास याच्यासारखे दुसरे स्वस्त साधन नाही.

जागेवर पेरलेल्यांपैकी पाच उगवली. गवत कापणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसाने तीन उडविली. त्याला आम्ही रागावलो नाही, कारण तरवडाला गवत समजणारा तो पहिला नव्हे. दोन राहिली. आईने त्यांच्याभोवती विटा लावल्या. एव्हाना तिच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, आणि ती रोज सकाळी विटांपाशी जाऊन कान मोजीत असे. २०२५च्या नवरात्रात दोन्ही फुलली. तिसरी माळ घरची झाली. आखूड होती, मध्ये मध्ये पाने ओवावी लागली.

यंदाच्या बदल्यांच्या यादीत आमचे नाव आगरतळ्यापुढे आहे. तेथे भरपूर पाऊस पडतो, ओली माती असते. तरवडाचा तो प्रांत नव्हे. झाडे न्यावीत तर मूळ दुखावते. बिया नेता येतील, उगवतीलही. पुढे त्यांचे काय होईल ते दिसते आहे. आईला अजून सांगितलेले नाही. कागद टेबलाच्या खणात आहे आणि गेले तीन दिवस आम्ही खण उघडताना आवाज होऊ देत नाही.

काल संध्याकाळी घरी आलो तो ओट्यावर सुपात तरवडाची फुले वाळत घातलेली. शेजारच्या मामींनी आईला फुले वाळविण्याची रीत दाखविली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण ते काम झालेले होते. वाळलेली फुले आई सुईदोऱ्यात एकेक करून ओवीत होती. रंग थोडा काळवंडला होता, तरी पिवळाच होता. आम्ही विचारले, हे कशाला? ती म्हणाली, "आसूं दे." मग पितळी डबा पुढे करून म्हणाली, "ह्याचं झाकण सैल झालंय. कल्हईवाल्याकडनं नीट करून आण. तिकडं हवा लई दमट आसती म्हणं."